शेजारचा रकाना

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

वसईचे नाव इंग्रजी दप्तरात कायमचे नोंदले गेले ते एका कागदामुळे. तारीख होती ३१ डिसेंबर १८०२. त्याच वर्षी ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरले आणि अखेर वसईला येऊन इंग्रजांच्या आश्रयाला राहिले. तिथे कंपनीच्या वतीने लेफ्टनंट कर्नल बॅरी क्लोज यांनी त्यांच्याशी जो तह केला, तो वसईचा तह. सहा हजारांची पायदळ पलटण पेशव्यांनी पदरी बाळगायची आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. पण त्या तहात एक कलम असे आहे की, त्याची भाषा मुद्दाम पाहावी. पेशव्यांनी दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणे सुरू करण्यापूर्वी कंपनी सरकारला आगाऊ सूचना द्यावी आणि परस्पर विचारविनिमय करावा, एवढाच त्याचा मजकूर. वाचताना वाटते, दोन शेजाऱ्यांनी एकमेकांना विचारून वागायचे ठरवले आहे. त्याचा साधा अर्थ मात्र असा की, मराठी राज्याला यापुढे स्वतःचे परराष्ट्र धोरण राहिले नाही.

तहाच्या प्रती फारसीत आणि मराठीत होत्या, सोबत इंग्रजी मजकूर होता. म्हणजे भाषा कळत नव्हती म्हणून पेशवे फसले असे म्हणायला जागा नाही. बाजीरावांना आपण काय देत आहोत ते कळत असणारच, अडचणीत सापडलेल्या माणसापुढे पर्याय नव्हता. मला सांगायचे आहे ते वेगळेच. सौम्य शब्दांत कठोर गोष्ट गुंडाळून ठेवण्याची एक इंग्रजी रीत असते, आणि तिचा एक पहिल्या प्रतीचा नमुना आपल्या वसईच्या नावाने प्रसिद्ध आहे. या रीतीला साध्या, सरळ इंग्रजीत उत्तर देणारा माणूसही पुढे वसईच्याच मातीशी नाते सांगणाऱ्या घराण्यातून आला. तेही फार काळ न जाता, अवघ्या एकोणचाळीस वर्षांनी.

वसई गावाजवळ तर्खड नावाचे गाव आहे. आज विरारच्या किंवा चर्चगेटच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाला ते नाव ऐकून काही आठवेल असे नाही. पण ‘तर्खडकर’ म्हटले की, जुन्या पिढीतला कोणीही मराठी माणूस गालातल्या गालात हसेल. त्या हसण्याकडे नंतर वळू. या गावाचे एक घराणे मुंबईत येऊन स्थायिक झाले होते. पांडुरंग तर्खडकरांच्या मुलांपैकी तिघांची नावे इतिहासात राहिली. थोरले दादोबा, जन्म १८१४. मधले भास्कर, जन्म १८१६. धाकटे आत्माराम, जन्म १८२३.

दादोबांनी १८३६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापले. त्यांना पुढे मराठीचे पाणिनी म्हणू लागले ते त्यामुळे. आत्माराम डॉक्टर झाले. १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन करणाऱ्यांत आणि १८८३ साली मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू करणाऱ्यांत ते होते. १८७८ साली विलायतेला निघालेल्या एका सतरा वर्षांच्या बंगाली मुलाचे इंग्रजी बोलणे सुधारावे म्हणून त्याला मुंबईत आत्मारामांच्या घरी ठेवले होते. घरातली मुलगी अन्नपूर्णा त्याला इंग्रजी शिकवीत असे. तो मुलगा म्हणजे रवींद्रनाथ टागोर. तर्खडचे घराणे इंग्रजीची शिकवणी घेत होते, आणि शिष्य पुढे नोबेल पारितोषिक घेऊन आला, असे गमतीने म्हणता येईल.

पण आज मला बोलायचे आहे ते मधल्या भास्करांविषयी. त्यांच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते, कारण ते १८४७ साली, ऐन तारुण्यातच गेले.

१८४१ साली मुंबईच्या ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी वृत्तपत्रात आठ पत्रे प्रसिद्ध झाली. खाली सही होती ‘अ हिंदू’, म्हणजे ‘एक हिंदू’. ती भास्कर पांडुरंगांची होती. त्यांचे वय तेव्हा पंचवीस. इंग्रजी राज्याने या देशाचे कल्याण केले, हे तेव्हा इंग्रजच नव्हे, तर शिकलेले एतद्देशीयही सहज मान्य करीत. भास्करांनी ते मान्य केले नाही. या देशाची संपत्ती बाहेर वाहून जाते आहे, इथले उद्योग बुडत आहेत, व्यापाराच्या नावाखाली लूट चालली आहे, हे त्यांनी लिहिले. दादाभाई नौरोजींचे नाव आपण ज्या विचाराशी जोडतो, त्याची ही सुरुवातीची मांडणी. दादाभाई तेव्हा सोळा वर्षांचे होते. इतिहासकार ज. वि. नाईक यांनी या पत्रांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, ही त्यांची आपल्यावर मोठी कृपा.

या पत्रांतला विचार धाडसी आहे, हे तर खरेच. पण कचेरीत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला त्याहून जास्त आश्चर्य वाटते ते त्यांच्या लिहिण्याचे. भास्कर सत्ताधाऱ्यांना समोरासमोर ‘तुम्ही’ म्हणून बोलतात. एके ठिकाणी त्यांचा मुद्दा साधारण असा आहे: पेंढाऱ्यांपासून आणि रामोशांपासून तुम्ही आम्हाला वाचवलेत हे मी मान्य करायला निघालो, तर तुमचा व्यापार आडवा येतो. पेंढाऱ्यांना जे पाच-सहा शतकांत जमले नसते, ते त्याने थोड्या वर्षांत करून दाखवले. पाहा, समोरच्याचा मुद्दा आधी घेतला, तो जेवढा मान्य करता येईल तेवढा केला, आणि मग त्याच मुद्द्याने त्याला अडवले. वाक्य काही फार छोटे नाही. पण कोण बोलतो आहे, कोणाशी बोलतो आहे आणि काय म्हणतो आहे, या तीन गोष्टींविषयी वाचणाऱ्याच्या मनात क्षणभरही शंका राहत नाही. वसईच्या तहातल्या त्या कलमाशेजारी हे वाक्य ठेवले की, फरक उमगतो.

हे आले कुठून? इंग्रजी ही काही त्यांची घरची भाषा नव्हती. मुंबईत एतद्देशीयांसाठी इंग्रजी शाळा सुरू होऊन फार वर्षे झाली नव्हती. एल्फिन्स्टनच्या नावाने उच्च शिक्षणाचे वर्ग सुरू झाले तेव्हा शिकवणारे गोरे प्राध्यापक दोन, ऑर्लेबार आणि हार्कनेस. त्यांच्या जोडीला बाळशास्त्री जांभेकर. बाळशास्त्रींनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले तेव्हा त्याच्या पानावर दोन रकाने होते. एका रकान्यात इंग्रजी, शेजारच्या रकान्यात मराठी. एकाच गोष्टीची दोन रूपे, एकमेकांकडे पाहत असलेली. दोन्ही रकाने वाचणारा माणूस समोर आहे म्हटल्यावर लिहिणाऱ्याला एका रकान्यात फुगवून आणि दुसऱ्यात दडवून चालत नाही.

या पिढीचे सगळे शिक्षण असे शेजारच्या रकान्याचे होते, असे मला वाटते. दादोबांनी मराठीचे व्याकरण लिहिले ते इंग्रजी व्याकरणाची मांडणी समोर ठेवून. मेजर कँडी यांनी १८५० साली मराठीत विरामचिन्हांवर पुस्तक लिहिले. आपण आज जो पूर्णविराम सहज देतो, तो आपल्याकडे इंग्रजीच्या शेजारातून आला. उलट, इंग्रजी लिहिताना या मंडळींच्या मनात मराठी वाक्य आधी उभे असे. आधी म्हणायचे काय ते ठरलेले, मग त्याला परक्या भाषेत जागा शोधायची. ज्याला ही सवय लागली त्याला पोकळ वाक्य लिहिणे अवघड जाते, कारण पोकळ वाक्याचे भाषांतर करायला बसले की, हाती काहीच लागत नाही.

आता तर्खडकर या नावावर येणाऱ्या त्या हसण्याकडे वळू. ते या तीन भावांमुळे नाही. ते द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’मुळे आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या या पुस्तकांवर इंग्रजी शिकल्या. काही शब्द द्यायचे, एखादा नियम सांगायचा, आणि मग वाक्ये: ही इंग्रजीतून मराठीत करा, ही मराठीतून इंग्रजीत करा. वाक्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. कुठे राजा, कुठे माळी, कुठे कोणाच्या तरी भावाचा घोडा. ‘तर्खडकरी इंग्रजी’ म्हणून त्याची थट्टा झाली, आणि नुसत्या तर्खडकरावर शिकलेला माणूस दुकानात जाऊन एक पाव इंग्रजीत मागू शकत नसे, ही टीकाही खोटी नव्हती. पण एक सांगतो. तर्खडकरातल्या वाक्याला कर्ता असतो. माळ्याने काय केले ते त्यात लिहिलेले असते. कचेरीतल्या इंग्रजीत नेमका हा माळीच हरवतो.

तो कसा हरवला, हीही एक कथा आहे. १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंज यांनी सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना पसंती द्यावी असे जाहीर केले. इंग्रजी आता विचाराची भाषा राहिली नाही, भाकरीची झाली. १२ एप्रिल १८६७ रोजी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने विरार ते मुंबईतले बॅकबे अशी रोजची गाडी सुरू केली, आणि वसईचा माणूस सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी घरी परतू लागला. आमच्या पट्ट्याचा चाकरमानी जन्माला आला तो या गाडीत. कोणी रेल्वेत, कोणी गोदीत, कोणी व्यापारी पेढीवर. वसईतल्या ख्रिस्ती समाजाने इंग्रजी लवकर आणि चांगले उचलले. इतरही मागे राहिले नाहीत.

या माणसाला कचेरीत इंग्रजी कोणी शिकवले? जुन्या फाइलींनी. साहेबाने सांगितले, अमुकला पत्र लिही. त्याने तशाच विषयावरचे जुने पत्र काढले, नाव-तारीख बदलली आणि मसुदा पुढे ठेवला. जुने पत्र ज्याने लिहिले होते त्यानेही तेच केले होते. ‘आय बेग टु स्टेट’ने सुरुवात, ‘युअर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट’ने शेवट, मध्ये ‘काइंडली डू द नीडफुल’. यात कारकुनाचा दोष किती? अर्ज बिनचूक आहे की नाही, यापेक्षा तो पूर्वीसारखा आहे की नाही हे पाहिले जात होते. नवे वाक्य लिहिण्यात धोका होता. जुन्या वाक्याबद्दल कोणाची नोकरी जात नव्हती.

आणि गोऱ्या लोकांनी त्यावर हसावे! १८९१ साली आर्नल्ड राइट यांनी ‘बाबू इंग्लिश’वर एक पुस्तकच काढले, हिंदी लोकांच्या, विशेषतः इथल्या वृत्तपत्रांतल्या इंग्रजीचे नमुने गोळा करून. पण ही वाक्ये बाबूने स्वप्नात पाहिली नव्हती. ती त्याच्या साहेबाच्या कचेरीतून आली होती. त्या साहेबाच्या देशातच ही भाषा इतकी बोकाळली की, ऐन महायुद्धात, ९ ऑगस्ट १९४० रोजी, चर्चिल यांना आपल्या खात्यांना लेखी सांगावे लागले की, अहवाल आटोपशीर लिहा, घोळदार वाक्प्रचार टाका. बाहेर जर्मन विमाने घिरट्या घालत होती आणि पंतप्रधान वाक्यांच्या लांबीवर बोलत होते. युद्धानंतर ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी नोकरांसाठी १९४८ साली ‘प्लेन वर्ड्स’ हे छोटे पुस्तक लिहिले. १९५४ साली त्याची मोठी आवृत्ती निघाली, आणि तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या पुढेही निघत राहिल्या. १९७९ साली तर ख्रिसी माहेर नावाच्या बाईंनी लंडनला पार्लमेंटसमोरच्या चौकात न समजणारे सरकारी फॉर्म जाहीरपणे फाडून तुकडे तुकडे केले. या बाईंना स्वतःला वाचायला यायला लागले तेच वयाच्या चौदा-पंधरा वर्षांनंतर. भाषेचा हा घोळ कोणाच्या जिवावर उठतो, हे त्यांना सांगावे लागले नाही.

मराठीचे म्हणाल, तर आपण काही वेगळे केले असे नाही. १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला, कारभार मराठीत आला, फार चांगले झाले. पण ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ हे वाक्य कोणत्या मराठी आईने मुलाला शिकवले? ते जुन्या इंग्रजी फाइलीतूनच धोतर नेसून आले आहे. कोण कळवतो आहे ते त्यातही लिहिलेले नाही.

आता जरा स्वतःविषयी बोलतो, कारण हा घोळ मी लांबून पाहिलेला नाही, स्वतः केलेला आहे. १९७०च्या दशकात मी मुंबईतल्या एका कचेरीत, निवृत्त आणि मृत कामगारांच्या देण्यांच्या विभागात लागलो. सगळा व्यवहार इंग्रजीत. एका मृत कामगाराच्या पत्नीचा अर्ज आला होता, पत्ता वसई तालुक्यातल्याच एका गावाचा. अर्जात सगळे ठीक होते, एक वारसाचा दाखला तेवढा नव्हता. तिला पत्र लिहायचे काम माझ्याकडे आले. मी जुनी फाइल काढली आणि एक पत्र तयार केले. एकच वाक्य, आठ ओळींचे. त्याचा अर्थ असा होता की, अमुक नियमान्वये आवश्यक तो दस्तऐवज सादर करण्यात आलेला नसल्याकारणाने सदर दावा, तो सादर करण्यात येईपर्यंत, विचारात घेणे शक्य नसल्याबद्दल खेद व्यक्त करण्यात येत आहे. इंग्रजीत ते फारच भारदस्त दिसत होते. सही झाली, पत्र गेले. मला त्या पत्राचा अभिमान वाटला, हे आज कबूल करतो.

उत्तर आले नाही. फाइल खाली गेली. वर्षभराने ती बाई मुलाला घेऊन स्वतः कचेरीत आली. गावात इंग्रजी शिकलेल्या एका मुलाने तिला पत्र वाचून दाखवले होते. त्याला समजले ते ‘खेद’ आणि ‘शक्य नाही’. दावा नामंजूर झाला, असे त्याने तिला सांगितले. तिने ते खरे मानले. त्या वर्षात मोठ्या मुलाची शाळा सुटली होती. ती भांडायला आली नव्हती. कोणीतरी सांगितले म्हणून एकदा विचारून पाहावे, एवढ्यासाठी आली होती. मी तिला म्हणालो, “मावशी, फक्त एक दाखला आणायचा होता.” ती म्हणाली, “मग तसं लिहायचं ना, भाऊ.”

आमचे हेडक्लार्क शेजारच्या टेबलावरून ऐकत होते. विरारचे राहणारे, नोकरी संपत आलेली, इंग्रजी शाळेत तर्खडकरावर शिकलेले. बाई गेल्यावर त्यांनी मला बोलावले. ओरडतील असे वाटले होते. त्यांनी एक कोरा फुलस्केप कागद घेतला, मधोमध उभी घडी घातली आणि माझ्यापुढे सरकवला.

“डाव्या बाजूला लिही. त्या बाईंशी तू आत्ता जे बोललास ते. मराठीत. जसं बोललास तसं.”

मी लिहिले. चार वाक्ये झाली. तुमचा अर्ज मिळाला. त्यात वारसाचा दाखला नाही. तो तहसील कचेरीतून घेऊन आमच्याकडे पाठवा. तो मिळाला की पैसे देऊ.

“आता उजव्या बाजूला याचंच इंग्रजी कर. डावीकडे नाही ते उजवीकडे लिहायचं नाही.”

मला दहा मिनिटे लागली. आठ ओळींचे ते भारदस्त वाक्य लिहायला याहून कमी वेळ लागला होता. ‘रिग्रेट’ लिहायला हात शिवशिवत होता, पण डाव्या बाजूला खेद नव्हता. ‘द सेड क्लेम’ लिहिणार होतो, पण तिकडे ‘सदर दावा’ नव्हता, ‘तुमचा अर्ज’ होता. शेवटच्या वाक्याशी तर अडलोच. ‘पैसे देऊ’ म्हणजे कोण देणार? फाइलीतली सगळी पत्रे ‘पेमेंट विल बी मेड’ म्हणत. मी हेडक्लार्कांकडे पाहिले.

ते म्हणाले, “मराठीत ‘देऊ’ म्हणालास ना? मग ‘वी’ लिही.”

“साहेब सही करतील?”

“मी नेतो त्यांच्याकडे.”

साहेबांनी ते दोनदा वाचले, फारच छोटे आहे, असे म्हणाले आणि सही केली. पत्र तिला देण्याची आता गरज नव्हती, दाखल्याचे तिला तोंडी सांगून झाले होते. तरीही हेडक्लार्कांनी ते पाठवायला लावले. दाखला तीन आठवड्यांत आला. सोबत आमचेच पत्र परत जोडलेले होते, आणि त्यातल्या दाखल्याच्या वाक्याखाली कोणीतरी शाळेच्या निळ्या शाईने रेघ ओढलेली होती.

तो घडी घातलेला कागद माझ्याकडे बरीच वर्षे होता. पुढे नोकरीत वर चढलो, हाताखाली माणसे आली, टाइपरायटर गेले, संगणक आले. नवा मुलगा आला की, त्याला मी पहिल्या दिवशी फुलस्केप देत असे. बरेच जण मनातून हसत. एकाने विचारलेही, “सर, हे तर्खडकर नाही का?” मी म्हटले, “हो, तेच. गाव कुठलं तुझं?” तो नालासोपाऱ्याचा निघाला. तर्खड आपल्या गावापासून जवळच आहे, हे त्याला माहीत नव्हते.